गुंडाळलेल्या रोलमध्ये किती मीटर कागद? लांबी मोजायची म्हणजे नेमकं काय करायचं

मागच्या टरबुजाच्या लागवडीची गोष्ट. आमचं वावर गिरणेच्या पट्ट्यात, भडगावकडे. मल्चिंग पेपरचा, म्हणजे बेडवर अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदाचा, एक रोल आधीच्या लागवडीतून उरलेला होता आणि नवीन चार बेड पाडून तयार, एकेक ६० मीटरचा, म्हणजे २४० मीटर पेपर पाहिजे. आबा रोल हातात घेऊन म्हणे, "या रोलमा कितला मीटर कागद शे, सांग बरं, तू ते शिकेल शे ना."

आता उलगडून मोजायचा तर सगळा धुळीत लोळणार आणि परत गुंडाळायचा म्हणजे अर्धा दिवस गेला. पण उलगडायची गरजच नाही. रोलकडे बाजूने बघा, मधे पुठ्ठ्याची नळी आणि तिच्याभोवती कागदाची गोल कडी दिसते. ही कडी म्हणजे काय, तर एक भयंकर लांब आणि भयंकर बारीक पट्टी गोल गुंडाळलेली. सरळ केली तरी तिचं क्षेत्रफळ तेवढंच राहणार. आणि सरळ पट्टीचं क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले जाडी. म्हणजे कडीचं क्षेत्रफळ काढा, कागदाच्या जाडीने भागा, लांबी हातात.

मी पट्टी लावली. बाहेरचा व्यास १२ सेंटीमीटर, नळीचा ८. बाराचा वर्ग १४४, आठाचा ६४, वजा केले ८०, त्याला पाय (π, ३.१४) च्या चौथ्या भागाने म्हणजे ०.७८५ ने गुणलं, आले ६२.८ चौरस सेंटीमीटर. पेपर २५ मायक्रॉनचा, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भागाकार करून उत्तर आलं साधारण २५१ मीटर. मी छाती फुगवून सांगितलं, चार बेड होऊन वर दहा-अकरा मीटर उरेल.

तीन बेड झाले आणि चौथ्यात अर्ध्याच्याही आधी कागद संपला. ३१ मीटर कमी. आबा काही बोलले नाहीत, फक्त "आते आखो एक रोल लई ये" एवढंच, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असतं. संध्याकाळी शेडमधे रोलचा जुना खोका सापडला, त्यावर छापलेलं ३० मायक्रॉन. मी २५ धरलं होतं कारण आमच्याकडे नेहमी २५ चाच येतो. ६२.८ ला ३० ने भागून बघा, २०९ मीटर. तीन बेडचे १८० आणि चौथ्यातले २९, बरोब्बर. म्हणजे गणित चोख होतं, मोजलेलंही ठीक होतं, पण जे मोजलं नाही नुसतं धरून चाललो तिथे मार खाल्ला.

आणि समजा जाडी बरोबर असती तरी अजून एक गोची आहे. व्यास मोजताना फक्त एक मिलिमीटर चुकला तर किती फरक पडतो? व्यासात १ मिमी म्हणजे एका बाजूला अर्धा मिमी, त्या अर्ध्या मिमीत २५ मायक्रॉनचे २० वेढे बसतात, बाहेरचा एक वेढा साधारण ३७.७ सेंटीमीटरचा, गुणा, झाले साडेसात मीटर. एक मिलिमीटर चुकला की साडेसात मीटर चुकले! शाळेत सूत्र शिकवतात पण हे कोणी सांगत नाही, की काही सूत्रं चुकीला खतपाणी घालतात. आकडा काढण्याइतकंच महत्त्वाचं असतं तो किती इकडे-तिकडे होऊ शकतो ते. मी त्या दिवशी "२५१" च्या ऐवजी "२०० ते २५०, जाडी बघावी लागेल" म्हटलं असतं तर इज्जत राहिली असती.

बरं मुळात लांबी मोजणं म्हणजे काय. एक काठी घ्यायची आणि ती समोरच्या वस्तूत किती वेळा बसते ते मोजायचं, बस. लांबी हा आकडा वस्तूत कुठे लिहिलेला नसतो, तो दोन वस्तूंच्या तुलनेतून येतो. म्हणून काठी कोणती हे आधी ठरवावं लागतं, आणि माणसाने सगळ्यात आधी काठी म्हणून स्वतःचं अंग वापरलं. बोट, वीत, हात, वाव. आमची आजी विहिरीचा दोर वावेनेच मोजायची, दोन्ही हात पसरले की एक वाव. तिच्या दहा वावा आणि काकाच्या दहा वावा यात दोन-चार हातांचा फरक यायचा, पण दोर तिचा, विहीर तिची, त्यामुळे अडायचं नाही. अडतं कधी, तर एकाने मोजून दुसऱ्याला विकायचं असतं तेव्हा.

ही काठी ठरवायची भानगड आपल्या खान्देशाला नवीन नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे ना, पावसाळ्यात सगळे धबधबा बघायला जातात, तिथल्या पाटण गावात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारचा ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा तो लेख. भास्कराचार्यांचं जन्मगाव कोणतं यावर विद्वानांचं भांडण चालूच असतं, त्यात मी पडत नाही. तर ह्या भास्कराचार्यांनी, जन्म १११४ चा, लीलावती लिहिली ११५० च्या सुमारास, आणि गणितं सुरू करायच्या आधी पहिल्यांदा मापं सांगितली. आठ जवांच्या पोटांची रुंदी म्हणजे एक अंगुल, २४ अंगुलांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस, चार कोसांचं योजन. हात दीड फुटाचा धरला तर कोस होतो १२ हजार फूट, म्हणजे साधारण ३.६६ किलोमीटर. जमिनीसाठी वेगळं माप, दहा हातांचा वंश म्हणजे बांबू, आणि २० वंश बाजू असलेला चौकोन म्हणजे एक निवर्तन. दीड फुटाच्या हाताने हिशेब केला तर ते दोन एकरांच्या जरा वर जातं. बघा, सगळी इमारत जवाच्या दाण्यावर उभी आहे. दाणा मोठा निघाला की योजन मोठं.

हीच अडचण फ्रान्सच्या लोकांना १७९१ मधे आली, तिथे गावागणिक मापं वेगळी होती. त्यांनी ठरवलं की राजाचं पाऊल नको न् कोणाचा हात नको, पृथ्वीच घेऊ, उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. मग दलांब्र आणि मेशँ नावाचे दोघं १७९२ पासून सहा-सात वर्षं, तीही राज्यक्रांतीच्या धामधुमीत, डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत मोजत फिरले. १७९९ ला प्लॅटिनमची मीटरपट्टी तयार झाली आणि नंतर कळलं की ती ठरल्यापेक्षा ०.२ मिलिमीटरने आखूड आहे, कारण पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे ते धरण्यातच गफलत झाली होती. पुन्हा तेच, मोजलं नाही ते धरलं! पण पट्टी काही कोणी बदलली नाही. मीटर तोच राहिला, ध्रुव ते विषुववृत्त हे अंतरच एक कोटी मीटरपेक्षा जरा मोठं निघालं.

पुढचं पटापट सांगतो. १८८९ मधे प्लॅटिनम-इरिडियमचा नवा दांडा आला, १९६० मधे दांडा सोडून क्रिप्टॉन-८६ वायूच्या नारिंगी प्रकाशाच्या १६५०७६३.७३ लहरी म्हणजे एक मीटर असं ठरलं, आणि १९८३ पासून मीटर म्हणजे प्रकाश पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो तेवढं अंतर. याचा अर्थ नीट बघा. आता लांबीची वेगळी काठीच राहिली नाही, घड्याळ हीच काठी. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश जवळजवळ ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे आपली शाळेची फूटपट्टी ही खरं तर एक नॅनोसेकंद आहे. सुतार लोक आजकाल लेझरचं मशीन भिंतीवर मारतात न् आकडा सांगतात, तेही प्रकाशाच्या जाण्यायेण्यावरूनच. मोबाइलचा जीपीएसही तसाच, वीस हजार किलोमीटर वरच्या उपग्रहाचा सिग्नल निघाला कधी आणि पोचला कधी त्यावरून अंतर. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तर अंतर ३०० मीटरने चुकतं. आणि वेळ सगळीकडे सारखी धावत नाही हे आइनस्टाइनचं म्हणणं खरं असल्यामुळे ती वरची घड्याळं आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, त्याची दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते, नाहीतर दिवसभरात ११ किलोमीटरची चूक साठली असती.

भारतात मेट्रिकचा कायदा १९५६ चा. पण वावरात येऊन बघा, बोअर फुटात, पाइप इंचात, ठिबकची नळी १६ एमएम, तिचं बंडल मीटरमधे, जमीन बोलायला एकर-गुंठे आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर. एकच माणूस एका दिवसात ही सगळी मापं बोलतो आणि गोंधळत नाही. फक्त एक ठिकाणी फसतो, गुंठा आणि आर एकच समजतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, आणि आर म्हणजे पूर्ण १००. पाच एकराला हा फरक २.३४ आर होतो, आणि आजच्या भावात तेवढ्यावर भाऊबंदकी होते.

आता टेपने मोजण्याची गंमत. स्टीलचा टेप २० डिग्री तापमानाला बरोबर असतो. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला हवाच ४५ च्या पुढे जाते, मातीवर पडलेला टेप ५० ला सहज पोचतो. स्टील दर डिग्रीला दहा लाखात साडेअकरा भाग वाढतं, तर ३० डिग्री वाढली की ३० मीटरचा टेप एक सेंटीमीटरने लांब होतो. लांब टेप कमी वेळा बसतो, म्हणजे आकडा कमी येतो. भर उन्हात मोजलं तर शंभर मीटरला साडेतीन सेंटीमीटर कमी दिसणार, आणि एका हेक्टरला सात चौरस मीटर. यावरून कोणी कोर्टात जाणार नाही, पण रेल्वेचा रूळ किलोमीटरभर असतो, तो त्याच ३० डिग्रीला ३४-३५ सेंटीमीटर वाढू बघतो, म्हणून रेल्वेवाल्यांना उन्हाळ्याचं टेन्शन असतं. १८०२ मधे लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासला देशाच्या मोजणीची पहिली रेघ मोजली, साडेसात मैल, त्याला ५७ दिवस लागले, आणि साखळी उन्हाने वाढू नये म्हणून सावलीत धरून मोजत होते. ती एक रेघ जिवापाड जपून मोजायची, पुढचा देश मग कोन मोजून त्रिकोणांनी काढायचा.

टेप मधे झोळ खातो त्याला मात्र लोक उगाच घाबरतात. ३० मीटरला मधे पूर्ण ३० सेंटीमीटर झोळ असला तरी लांबीत फरक फक्त ८ मिलिमीटर. उलट उतार बघत नाहीत, जमीन ३० मीटरला ३ मीटर चढत असेल तर आडवं अंतर २९.८५ च भरतं, १५ सेंटीमीटर गेले. झोळ डोळ्यांना दिसतो म्हणून तो मोठा वाटतो, उतार पायाखाली असतो म्हणून दिसत नाही.

आणि जिथे टेप पोचतच नाही तिथे काटकोन त्रिकोण. गवंडी पायाची आखणी करताना सहा, आठ, दहा फुटांची दोरी लावून काटकोन काढतो ते पायथागोरसच आहे, नाव माहीत नसलं म्हणून काय झालं. भास्कराचार्यांचं एक गणित मला लहानपणापासून आवडतं. नऊ हातांच्या खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, साप खांबाच्या तिप्पट अंतरावरून म्हणजे २७ हातांवरून बिळाकडे येतोय. मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो, दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? उत्तर १२. साप १५ हात आला आणि मोरही नऊ-बाराच्या त्रिकोणाची तिरपी बाजू म्हणून १५ हातच गेला. कोणी टेप धरला नाही तरी हवेतली लांबी मिळाली.

सरळ रेघेपर्यंत सगळं सोपं असतं, वाकडी रेघ आली की खरी परीक्षा. वाकड्या रेघेचे बारीक बारीक सरळ तुकडे करायचे, प्रत्येकाची लांबी काढायची, बेरीज करायची, तुकडे अजून बारीक केले की बेरीज एका आकड्यापाशी स्थिरावते. अकरावी-बारावीतलं इंटिग्रेशन म्हणजे एवढंच, बाकी सगळी चिन्हं. आर्किमिडीजने वर्तुळात ९६ बाजूंची आकृती बसवून पाय असाच पकडला होता, आणि भास्कराचार्यांनी बारीक हिशेबाला ३९२७ भागिले १२५० सांगितलं, म्हणजे ३.१४१६, आणि कामचलाऊ हिशेबाला २२ भागिले ७. दोन वेगळे आकडे दिले कारण काम बघून बारकावा ठरवायचा, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

पण तुकडे कसेही केले तर चालत नाही. समजा १०० मीटर बाय १०० मीटरचं वावर आहे. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकं गेलात तर १४१ मीटर. पण कपाशी उभी आहे म्हणून सरीने थोडं पुढे, मग वळून थोडं आडवं, परत पुढे, परत आडवं, असं पायऱ्यापायऱ्यांनी गेलात तर एकूण २००. पायऱ्या अजून लहान करा, एकेक फुटाच्या करा, एकेक बोटाच्या करा, लांबून बघणाऱ्याला वाटेल हा तिरक्या रेघेवरूनच चाललाय, तरी चाललेलं अंतर २०० च! रेघ जवळ आली म्हणून लांबी जवळ येत नाही, दिशाही जुळावी लागते. वर्तुळात बसवलेले तुकडे वर्तुळाच्या दिशेने वळतात म्हणून ते गणित जुळतं.

आणि काही रेघा अशा की तुकडे बारीक केले तरी बेरीज थांबतच नाही. आमच्या वावराची एक बाजू नाल्याला लागून आहे. ३० मीटरचा टेप टाकत गेलं की एक आकडा येतो, पाच मीटरच्या बांबूने गेलं की जास्त येतो कारण बांबू खाचाखोचांत शिरतो, हाताने मोजलं तर त्याहून जास्त. मुंगीला विचाराल तर ती काय सांगेल देव जाणे. रिचर्डसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला हेच दिसलं, स्पेन आणि पोर्तुगालची सीमा एकच, पण छापील आकडे ९८७ किलोमीटर आणि १२१४ किलोमीटर. पुढे मँडेलब्रॉटने १९६७ मधे ब्रिटनचा किनारा किती लांब यावर लेख लिहिला न् त्यातून फ्रॅक्टलचं, म्हणजे कितीही जवळून बघितलं तरी खाचाखोचा न संपणाऱ्या आकृत्यांचं, गणित वाढलं. आपल्या देशाचा समुद्रकिनारा शाळेत ७५१६ किलोमीटर पाठ केला होता ना, आता सरकारी आकडा ११,०९८ किलोमीटर झालाय. समुद्र वाढला नाही, जास्त बारीक नकाशावरून मोजलं एवढंच. त्यामुळे नदी किंवा किनारा किती लांब असं कोणी विचारलं तर आधी आपण विचारायचं, कितीच्या काठीने?

मोबाइलवर वावर मोजणाऱ्या ॲपची गोष्टही ह्याच घरातली. फोन खिशात ठेवून मी एकदा लिंबाखाली तासभर बसून होतो, ॲप म्हणे तुम्ही चाललात. जागा दोन-चार मीटर इकडे-तिकडे थरथरते आणि प्रत्येक थरथर बेरजेत जाते, कारण लांबी कधी वजा होत नाही. म्हणून बांधावरून चालत घेर मोजला की तो बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा जास्तच येतो. पण क्षेत्रफळ मात्र बऱ्यापैकी बरोबर येतं, कारण एक बिंदू बांधाच्या बाहेर सरकला तर दुसरा आत सरकतो, जास्त आणि कमी एकमेकांना खातात.

ठिबकच्या नळीचा अंदाज काढायला हे फार कामाला येतं. लोक एकेक ओळ टेपने मोजत बसतात. गरज नाही, क्षेत्रफळ घ्या आणि दोन ओळींतल्या अंतराने भागा, मल्चिंगच्या रोलचंच गणित, फक्त कागदाच्या जाडीच्या जागी ओळींतलं अंतर. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, केळीच्या दोन ओळींत सहा फूट, भागून ७२६० फूट, म्हणजे २२१३ मीटर नळी, वावर लांबट असो की चौकोनी. ५०० मीटरची बंडलं धरली तर एकरी साडेचारच्या आत, पण अर्धं बंडल कोणी देत नाही म्हणून पाच आणायची. जे उरेल ते मोजायला एकूण वेढे मोजा, मधल्या वेढ्याचा घेर सुतळीने घ्या आणि गुणा. तिथे मायक्रॉनची भानगड नाही. मागच्या आठवड्यात आबांनी स्वतःच असं मोजलं, मला विचारलं नाही.